श्वसन

श्वसन : अन्नात साठलेली ऊर्जा पेशींना वापरता येईल अशा रूपात मोकळी करणारी जीवनप्रक्रिया. पोषण सोडले तर इतकी पायाभूत प्रक्रिया सजीवांत दुसरी क्वचितच सापडेल. वाढ, हालचाल, उत्सर्जन, प्रजनन या सर्वांना लागणारी ऊर्जा तीच पुरवते. श्वास घेणे आणि सोडणे हा तिचा बाहेरचा टप्पा असून मूळ काम पेशीत चालते.

पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. यासाठी ऑक्सिजन लागत नाही. पुढचे विघटन तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या अंगकात, होते. तेथे चक्राकार चालणाऱ्या रासायनिक अभिक्रियांचा उलगडा जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये केला आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते आणि एका ग्लुकोजमागे पेशीला ऊर्जा पुरवणारे साधारण ३० ते ३२ एटीपी रेणू मिळतात. ऑक्सिजनविना हीच मिळकत अवघी २ रेणूंची असते. यीस्टसारखे सूक्ष्मजीव तेवढ्यावर भागवतात. जोरात धावताना आपले स्नायूही काही काळ याच मार्गाने ऊर्जा मिळवतात व त्यांत लॅक्टिक आम्ल तयार होते.

विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे बराचसा ऑक्सिजन न वापरताच परत जातो. पक्ष्यांच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेने वाहते, तर माशांच्या कल्ल्यांत पाणी व रक्त परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्यामुळे दोघांनाही ऑक्सिजन अधिक कार्यक्षमतेने शोषता येतो. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वसन करते. कीटकांच्या श्वासनलिका हवा थेट ऊतींपर्यंत नेतात, त्यामुळे बहुतेक कीटकांच्या रक्तावर ऑक्सिजन वाहण्याचा भार नसतो.

वनस्पतींबाबत मात्र एक गैरसमज चिवटपणे टिकून आहे: त्या फक्त रात्री श्वसन करतात. प्रत्यक्षात त्यांचे श्वसन अहोरात्र चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकले जाते, इतकेच. हिरवे भाग उजेडात ऑक्सिजन सोडतात आणि अंधारात हवा दूषित करतात, हे डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्येच दाखवून दिले होते. अंकुरणारे बी तर श्वसनाच्या उष्णतेने चक्क गरम होते. कमळाचे फूल उमलण्याच्या काळात बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी स्वतःचे तापमान ३० ते ३६ अंश सेल्सियस राखते. ही ऊबही श्वसनातूनच येते.

पानांची पर्णरंध्रे आणि खोडावरची वल्करंध्रे यांतून वायूंची देवाणघेवाण होते. मुळे मातीच्या कणांमधल्या हवेतून ऑक्सिजन घेतात. पाणी साचून ती हवा निघून गेली की मुळे गुदमरतात, खनिजे शोषणे मंदावते आणि पाण्यात उभे असूनही झाड कोमेजते. खारफुटीच्या काही जातींची श्वसनमुळे याच अडचणीमुळे चिखलातून वर, हवेत येतात.