मुलांना आयफोनच हवाय? घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या न्यू जर्सीच्या दुकानात येणारे मराठी आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात, पोरगी आठवीत गेली आणि आयफोनचा हट्ट धरून बसलीय, चांगला चालणारा अँड्रॉइड आहे की हातात, मग कशाला? काउंटरवर घाईत नीट सांगणं होत नाही म्हणून इथे लिहिलंय.

पहिलं म्हणजे पोरं उगाच नाटक करत नाहीयेत. पायपर सँडलर नावाची इन्व्हेस्टमेंट बँक आहे, ते इथल्या टीनएजर्सचा वर्षातून दोनदा सर्वे करतात, त्यात २०२३ च्या फॉलमध्ये ८७ टक्के मुलांकडे आयफोन निघाला. आणि आपण घरी सगळं व्हॉट्सॲपवर करतो तसं इथल्या मुलांचं नसतं, बऱ्याच जणांचे ग्रुप फोनमधल्या साध्या मेसेजमध्येच असतात. सगळे आयफोनवाले असले की आपण पाठवलेल्या मेसेजचा बबल, म्हणजे मागचा चौकोन, निळा, एक जरी अँड्रॉइडवाला आला की आख्खा ग्रुप हिरवा. रंगाचं सोडा हो, खरी अडचण अशी की आयफोन ते आयफोन मेसेज ॲपलच्या आयमेसेजने, म्हणजे इंटरनेटवरून जातो आणि अँड्रॉइडला तोच मेसेज इतकी वर्षं जुन्या एसएमएस-एमएमएसने जायचा, त्यात व्हिडिओ पार चेपून जातो, समोरचा टाइप करतोय ते दिसत नाही, मेसेज वाचला की नाही कळत नाही. मग मित्र गुपचूप दुसरा ग्रुप काढतात, आपलं पोर सोडून. ते त्या वयात फार लागतं, कृपया हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकन सरकारने मार्च २०२४ मध्ये ॲपलवर खटला भरला त्यातही हा हिरव्या बबलचा मुद्दा आहे.

आता चांगली बातमी. सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ म्हणजे आयफोनचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात आरसीएस आलं, म्हणजे एसएमएस-एमएमएसच्या जागची नवी मेसेज पद्धत, त्यामुळे अँड्रॉइडला फोटो-व्हिडिओ नीट जातात, टाइपिंगही दिसतं. परवा एक ताई नववीतल्या मुलाला आणि त्याच्या मित्राला घेऊन आल्या, सॉकरच्या गोलचा व्हिडिओ मुलाच्या फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढा, नुसते ठिपके, आपला मुलगा कुठला तेही कळेना. मित्राचा आयफोन अपडेटच केलेला नव्हता. तो केला, दोन्हीकडे आरसीएस चालू केलं, तोच व्हिडिओ परत पाठवला तर जर्सीवरचा नंबर वाचता आला!

आयफोनवर सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस, तिथे आरसीएस मेसेजिंग. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये आरसीएस चॅट्स. कॅरिअरचा, म्हणजे तुमच्या मोबाइल कंपनीचा सपोर्ट लागतो, आणि ग्रुपमध्ये एकाकडे जरी नसेल तरी सगळा ग्रुप परत एमएमएसवर जातो, म्हणून मित्रांचेही फोन बघायला सांगा.

बबल मात्र हिरवाच राहतो आणि आयमेसेजमधले गेम्स अँड्रॉइडवर येत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. एवढं करूनही आयफोनच घ्यायचा ठरला तर नवाकोरा कशाला, आयओएस १८ अगदी २०१८ च्या आयफोन एक्सआरवरही चालतं, वापरलेला घ्या, फक्त बॅटरी हेल्थ बघून.

उलटं, आयफोन सोडून अँड्रॉइडवर येणार असाल तर सिम काढायच्या आधी आयमेसेज बंद करा. नाहीतर मित्रांचे मेसेज जुन्याच फोनकडे जात राहतात, इकडे पत्ताच लागत नाही.

जमत नसेल तर मुलाला आणि त्याच्या एखाद्या मित्राला घेऊन या, दोन्ही फोन समोर ठेवून लावून देऊ, याचे पैसे घेत नाही.