डिस्क रिकामी, तरी जागा नाही

१०० जीबीच्या डिस्कचा दोन-तृतीयांश भाग मोकळा आहे, तरीही नवी फाइल लिहायला गेलं की लिनक्स बजावतं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. अशा वेळी डिस्कवरची मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ या आज्ञेला ‘आय’ हा पर्याय जोडून पाहावा. बहुधा आयनोड संपलेले असतात.

आयनोड म्हणजे फाइलचा सातबारा. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्यात. (नाव मात्र नाही, ते डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरात असतं.) ईएक्सटी४ ही लिनक्सची सर्रास वापरली जाणारी फाइलव्यवस्था फॉरमॅट करतानाच साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड आखून ठेवते. १०० जीबीला सुमारे ६५ लाख. एकेक केबीच्या तेवढ्या फाइली झाल्या की खेळ आटोपला. मजकूर जेमतेम सहा जीबी. पण प्रत्येक फाइल ४ केबीचा अख्खा ब्लॉक (डिस्कवर जागा देण्याचं सर्वांत लहान माप) अडवते, म्हणून गेले पंचवीस जीबी.

छोट्या फाइलींनी जागा वाया घालवण्याचं हे दुखणं जुनंच. बर्कले विद्यापीठाच्या मॅकुसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४च्या निबंधात मोजमापच दिलं आहे: ५१२ बाइटचे ब्लॉक असले तर ६.९ टक्के जागा वाया जाते, ४०९६चे असले तर ४५.६ टक्के. तरी मोठे ब्लॉक हवेच होते, कारण छोट्या ब्लॉकांमुळे डिस्कच्या वेगाचा अगदी थोडा अंश हाती लागायचा. त्यांनी ब्लॉकचेच तुकडे पाडले आणि फाइलचं शेपूट, म्हणजे पूर्ण ब्लॉक न भरणारा शेवटचा भाग, तुकड्यात ठेवलं. वेग मिळाला, नासाडीही जुन्याइतकीच राहिली. पुढे रायझरएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाइलव्यवस्थेने अनेक फाइलींची शेपटं एकाच ब्लॉकात कोंबली. २०२५च्या लिनक्स ६.१३मधून ती व्यवस्थाच काढून टाकली गेली.

फाइली वाढल्या की लोक आधी फोल्डरांत फोल्डर करत सुटतात. त्याने एकही आयनोड वाचत नाही, उलट प्रत्येक फोल्डर स्वतःचा एक खातो! खरा उपाय गठ्ठा बांधण्याचा. गिट हे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन आधी प्रत्येक नोंदीची सुटी फाइल करून त्या २५६ फोल्डरांत पसरतं आणि मग त्यांची एकच पॅक-फाइल करतं. एसक्यूलाइट हा अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत ठेवतो; त्याच्या निर्मात्यांच्या मोजणीत दहा-दहा केबीचे तुकडे डेटाबेसमधून वाचणं सुट्या फाइलींपेक्षा सुमारे ३५ टक्के जलद ठरलं, कारण दर वेळी फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च टळतो.

गठ्ठ्यातली एखादीच चीज पुसली की तिथे भोक उरतं, आणि ते बुजवायला अधूनमधून गठ्ठा नव्याने बांधावा लागतो. ज्यांना रोज सुट्या फाइली पुसायच्याच आहेत, त्यांनी फॉरमॅट करतानाच दर ४ केबीमागे एक आयनोड मागून घ्यावा.