टार्गेट महिनाअखेरचं, ताण मशीनवर

सांगली-मिरजेतल्या ज्या ऑफसेट छापखान्यांत मार्केटिंगच्या पोरांना महिन्याचं टार्गेट असतं, तिथं एक गोष्ट हमखास दिसते. १५ तारखेला मशीन निवांत. २७ला मात्र कुपवाडच्या कारखान्याचं ब्रोशर, हळदीच्या पुड्यांची लेबलं आणि दवाखान्याच्या फायली एकदमच दारात, आणि प्रत्येकाला 'आजच' हवं. मालक म्हणतो, पोरं पंधरा दिवस झोपा काढतात. खरं तर टार्गेट जसं आखलंय तशीच ती वागत असतात.

पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञानं १९९८मध्ये अमेरिकेतल्या उत्पादक कंपन्यांचे आकडे तपासून हे दाखवलं. तिथं वेगवेगळ्या कंपन्यांचं आर्थिक वर्ष वेगवेगळ्या महिन्यांत संपतं. त्यामुळे हंगामाचा परिणाम बाजूला काढता आला, आणि तरीही वर्ष संपताना विक्री वर आणि नवं वर्ष उजाडताच खाली, असं दिसलं. टार्गेट हाताशी आलेला माणूस पुढची ऑर्डर अलीकडे ओढतो, त्यासाठी भावही पाडतो. ज्याचं टार्गेट पुरं झालंय किंवा हाताबाहेर गेलंय, तो मिळणारी ऑर्डरही पुढच्या खात्यात ढकलतो.

साबणाच्या धंद्यात हे खपून जातं, कारण माल गोदामात तयार असतो. छपाईत तसं नाही. प्रत्येक जॉब नवा, आणि मंगळवारी रिकामं राहिलेलं मशीन बुधवारी दुप्पट छापत नाही. मग ओव्हरटाइम, घाईत पास केलेलं प्रूफ, आणि शेवटी पार्टीचा फोन: "लोगोचा रंग असा कसा आला?"

भाव पाडण्याचं गणित तर कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा ५०,००० रुपयांचा जॉब, त्यात कमिशनआधीचा नफा १०,०००, आणि पोराला बिलावर २ टक्के कमिशन, म्हणजे १,०००. त्यानं १० टक्के सूट दिली. बिल ४५,०००चं झालं, कमिशन ९००. त्याचे १०० रुपये गेले, कमिशनआधीचा नफा मात्र ५,०००वर आला, म्हणजे निम्मा. खर्च तर कमी झालाच नाही: चार रंगांच्या चार प्लेटा, सेटिंगचा वेळ, रंग जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या शीट, सगळं तेवढंच. कमिशन बिलाऐवजी नफ्यावर आणि वसुली झाल्यावर दिलं, की सूट देताना पोराचा हात आपोआप आखडतो.

बक्षिसाचंही असंच. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशी तपासल्या. फळांचा रस अचानक मिळाला की पेशी चेतायच्या. रसाआधी ठरावीक खूण मिळते हे माकडाला कळल्यावर त्या खुणेलाच चेतू लागल्या, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेमकं त्या क्षणी मंदावायचं. माकडावरून माणसाच्या पगारावर उडी मारू नये हे खरं. पण दर दिवाळीला तेवढंच पाकीट देणाऱ्या मालकाला हे ओळखीचं वाटेल: दिलं तर कुणी खूश होत नाही, चुकलं तर तोंडं पडतात.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला पैसे दिले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्यांचं कोड्यांकडे वळणं घटलं. शाब्दिक कौतुक झालेल्यांचं मात्र तसं झालं नाही. यावरून 'शाबासकी द्या, कमिशन कापा' असं ऐकवणारे व्याख्याते भेटतात. त्यांनी एकदा भर उन्हात दुचाकीवरून विट्याला जाऊन उधारी मागून बघावी.

टार्गेट मात्र हवंच. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं, की 'जमेल तेवढं कर' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय जास्त काम करून घेतं, पण माणसानं ते आपलं मानलेलं असेल तरच. सांगलीत बारा महिने एकच आकडा कोण आपला मानेल? सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात, म्हणून अहवालांची गर्दी त्याआधी. मग डायऱ्या-कॅलेंडरं, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका, उन्हाळ्याच्या तोंडावर तासगावच्या बेदाण्याचे बॉक्स. जुलै त्या मानानं कोरडा. तेव्हा आकडा लहान ठेवून नव्या पार्ट्यांच्या भेटी मोजाव्यात. सप्टेंबरमध्ये आधी मजकूर देणाऱ्या संस्थेच्या जॉबवर पोराला चार पैसे जास्त द्यावेत. टप्पा गाठला तरच इन्सेंटिव्ह, नाहीतर शून्य, असं ठेवण्यापेक्षा प्रत्येक जॉबमागे थोडं थोडं वाढत गेलं तर ऑर्डर मागेपुढे सरकवण्यात काही हशीलच उरत नाही.