कलालिलाव व्यवसायातील कारकीर्द (कोल्हापूर)

मालकाने सोपवलेली चित्रे-शिल्पे पारखून, त्यांची नोंद करून जाहीर बोलीने विकून देण्याचा व्यवसाय म्हणजे कलालिलाव. कलादालनात चित्रकाराचे नवे काम पहिल्यांदा विकले जाते. लिलावात बहुधा कुणाच्या तरी घरात टांगलेले चित्र पुन्हा बाजारात येते. लिलावगृह मालाचे मालक नसते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको: अडत्या गूळ विकत घेत नाही, बोली लावून देतो आणि अडत घेतो. मात्र गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कस तिथल्या तिथे चाखून कळतो. चित्राचा कस कागदपत्रांनी सिद्ध करावा लागतो, आणि या पेशातले बहुतेक काम त्या कागदांचेच आहे.

सदबीज (१७४४) आणि क्रिस्टीज (१७६६) ही लंडनमध्ये सुरू झालेली जुनी लिलावगृहे. मुंबईच्या सॅफ्रनआर्टने २००० पासून भारतीय कलेचे लिलाव इंटरनेटवर आणले. क्रिस्टीजने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव घेतला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्राम यात्रा’ न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना विकले गेले. ही दोन्ही नावे ‘आधुनिक’ पिढीची आहेत. हयात, समकालीन चित्रकारांच्या किमती २००८ च्या मंदीत कोसळल्या होत्या. समकालीन कलेच्या ओढीने येणाऱ्या उमेदवाराला पहिली काही वर्षे बहुधा दिवंगत चित्रकारांच्याच फायली हाताळाव्या लागतात.

हातोडा मारणारा लिलावकर्ता लोकांच्या नजरेत भरतो, पण तशा जागा मोजक्याच. सुरुवात सहसा सूचीकार म्हणून होते: माप, माध्यम, सही, साल आणि चित्र कुणाकडून कुणाकडे गेले याची साखळी लिहायची. त्याबरोबर स्थिती-अहवाल असतो. कॅनव्हासला तडे, पावसाळ्यातल्या ओलीने धरलेली बुरशी, वाळवी, आणि कुणी हौसेने मागाहून भरलेला रंग, जो अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा उघडा पडतो. मग अंदाजित किंमत ठरते. जिच्याखाली चित्र विकायचे नाही ती राखीव किंमत मालकाशी बोलून ठरते आणि गुप्त ठेवली जाते. हातोडा पडतो त्या बोलीवर खरेदीदाराकडून अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाचे वरचे शुल्क, आणि करही घेतात. ग्राहकसंपर्क, विमा, वाहतूक, हिशेब यांसाठी माणसे लागतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर इथे चित्रकलेच्या पदवीधराइतकाच उपयोगी पडतो, हे कलाशाळेत फारसे कुणी सांगत नाही.

कोल्हापूरची बाजू नजरेची आहे. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या कलाशाळांत हात घडतो. टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आबालाल रहमान, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांची चित्रे प्रत्यक्ष बघता येतात, आणि शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात नवे काम टांगले जाते. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचा जन्म इथलाच. त्यांची चित्रे लिलावात नेहमी येतात. कमतरता आहे ती नोंदींची. गुरूच्या चित्राची नक्कल करून शिकण्याच्या रिवाजामुळे बिनसहीचे जुने व्यक्तिचित्र गुरूचे की शिष्याचे, हा वाद सहज उभा राहतो. घराण्यातली आठवण कितीही खरी वाटली तरी ती पुरावा ठरत नाही. पावती, जुना फोटो, प्रदर्शनाची पत्रिका असेल तर चित्राला किंमत येते. असे कागद शोधून लावणारा माणूस मुंबईच्या लिलावगृहाला लागतो, आणि ते काम कोल्हापुरात बसूनच नीट होते. नोकरी मात्र मुंबई-दिल्लीत. कलेतिहासाच्या शिक्षणासाठी बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ किंवा मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा पदविका अभ्यासक्रम असे पर्याय आहेत.

कायद्याची जाण नसलेला सूचीकार लिलावगृहाला महागात पडतो. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे चित्र पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीला ते निर्यात करता येत नाही आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांचे काम कितीही अलीकडचे असले तरी देशाबाहेर जात नाही. धुरंधर या नवांत नाहीत. त्यामुळे त्यांचे १९१० चे चित्र देशातच राहते, १९४० चे सध्या तरी बाहेर जाऊ शकते. तारीख ठरवणे म्हणजे एका अर्थी गिऱ्हाईक ठरवणे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५३अ नुसार दहा हजार रुपयांवरच्या फेरविक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, पण प्रताधिकाराची मुदत, म्हणजे मृत्यूनंतरची साठ वर्षे, संपेपर्यंतच. धुरंधर आणि कोल्हापूरचेच चित्रकार बाबूराव पेंटर (मृत्यू १९५४) यांच्याबाबत ती उलटून गेली आहे.