लॅबमधल्या राउटर इमेज आल्या कुठून?

ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आज ऐरोली, रबाळे, महापे इथे एकापाठोपाठ एक डेटा सेंटर उभी राहत आहेत. तिथे रात्रपाळीत नेटवर्क सांभाळणारी मुलं ठाणे स्टेशनच्या आसपासच्या किंवा वाशीच्या क्लासांतून शिकून येतात. शिकताना त्यांच्या हाती अनेकदा एक लिंक पडते: सगळ्या राउटरच्या इमेज, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली, एकाच फोल्डरमध्ये. त्या कोणी काढल्या, कोणत्या परवान्यावर, मध्ये कोणी त्यांत हात घातला का, हे कोणी विचारत नाही. ही सवय आळसातून आलेली नाही. तिला वीस वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला लॅब, म्हणजे राउटर जोडून सराव करायची जागा, खरं लोखंड होतं. सेकंडहँड राउटर विकत घ्यायचे, नाहीतर कोणाच्या तरी रॅकवर तासाच्या भाड्याने बसायचं. २००५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या काँपिएन्य इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स या प्रोग्रॅमवर काम सुरू केलं. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या ७२०० मालिकेतल्या राउटरचा प्रोसेसर त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये उभा केला, आणि मूळ आयओएस (सिस्कोच्या राउटरची कार्यप्रणाली) साध्या पीसीवर चालू लागलं. 'आयडल पीसी'चा, म्हणजे राउटर रिकामा कधी बसलाय ते ओळखायचा, आकडा नीट बसवला नाही तर एकच राउटर पीसीचा अख्खा प्रोसेसर खाऊन टाकायचा. स्विचिंगसाठी १६ पोर्टच्या एका मॉड्यूलवर भागवावं लागे, कारण खऱ्या स्विचमधल्या खास चिपची नक्कल शक्य नव्हती. तरीही शिकणाऱ्यांसाठी हे फार मोठं होतं. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांच्या जीएनएस३ ने त्यावर माउसने आकृती काढायची सोय दिली आणि डायनामिप्स घरोघरी पोचलं.

गुंता इथेच सुरू झाला. डायनामिप्स मुक्त सॉफ्टवेअर होतं, आयओएस नव्हतं. चूल स्वतःची, शिधा मात्र दुसऱ्याचा. आयओएस मिळायचं ते सेवा करार असलेल्या ग्राहकाला, आणि विद्यार्थी कोणाचाच ग्राहक नव्हता. मग कोणी कंपनीतल्या राउटरच्या फ्लॅश मेमरीतून टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने) इमेज उतरवून घरी नेऊ लागलं, कोणी टॉरेंट शोधू लागलं.

पाठोपाठ आयओयू आलं, म्हणजे युनिक्सवर चालणारं आयओएस. सिस्कोने ते आपल्या अभियंत्यांसाठी, चाचण्यांसाठी बनवलं होतं. ते बाहेर फुटलं, आणि त्याच्या परवान्याची चावी बनवणारी छोटी स्क्रिप्टही सोबत फिरू लागली. इतकी हलकी इमेज कोणी पाहिली नव्हती. बेताच्या लॅपटॉपवर दहा-बारा राउटर सहज चालत. यूनेटलॅब आणि २०१७ पासूनचं त्याचं पुढचं रूप ईव्ह-एनजी यांनी या सगळ्याला ब्राउझरमधलं घर दिलं. ईव्ह-एनजी स्वतः कोणत्याही कंपनीची इमेज देत नाही, तसं स्पष्ट सांगतं. इमेज भरलेले तयार 'फुल पॅक' बनवतात ते तिसरेच लोक.

स्वतःच्या पीसीवर आयओएस चालवायला सिस्कोने शिकणाऱ्यासाठी सरळ दरवाजा उघडला तो २०१४ च्या अखेरीस, व्हर्ल नावाच्या लॅब सॉफ्टवेअरने, वर्षाला सुमारे २०० डॉलरला. म्हणजे तेव्हाच्या भावाने बारा हजारांच्या वर. डायनामिप्सनंतर नऊ वर्षं गेली होती. या नऊ वर्षांचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही. ज्या काळात घरच्या पीसीवर आयओएस शिकण्याचा सोपा वैध मार्ग नव्हता, त्या काळात एक अख्खी पिढी फुटलेल्या इमेजवर शिकली, नोकरीला लागली, आणि तीच पुढे शिकवू लागली. फोल्डरही तिच्याबरोबर पुढे सरकलं.

त्या फोल्डरची भीती का बाळगायची, हे २०१५ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. फायरआय या सायबर सुरक्षा कंपनीच्या मँडियंट पथकाने 'सिनफुल नॉक' हा प्रकार उघड केला. सिस्कोच्या राउटरवरची आयओएस इमेजच कोणीतरी बदललेली होती. असे १४ राउटर चार देशांत सापडले: युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि भारत. आयओएसमधली कोणतीही त्रुटी त्यासाठी वापरलेली दिसली नाही. डिफॉल्ट किंवा चोरलेले पासवर्ड पुरले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं होतं. कारागिरी पाहा: इमेजचा आकार वाढू नये म्हणून हल्लेखोरांनी आतल्या मूळ फंक्शनांवरच आपला कोड लिहिला. फाइल तेवढीच, राउटर नेहमीसारखा चालणारा, आणि आत गुप्त पासवर्डचं मागचं दार. त्या इमेज टॉरेंटवरून आल्या होत्या असं कोणी म्हटलेलं नाही. पण इमेज बदलता येते आणि नुसतं पाहून ते कळत नाही, एवढं तेव्हा सिद्ध झालं.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३-बी नुसार, प्रताधिकाराचा भंग करणारी प्रत आहे हे माहीत असताना संगणकावर प्रोग्रॅम वापरणं हा गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. फी घेणाऱ्या क्लासला ही सवलत मागणं अवघड आहे.

आता परिस्थिती पार बदलली आहे. व्हर्लचा वारस असलेल्या सिस्को मॉडेलिंग लॅब्जची पाच नोडपर्यंतची (म्हणजे पाच उपकरणांची) आवृत्ती फुकट आहे. एमपीएलएससारख्या मोठ्या लॅबला पाच नोड अपुरे पडतात हे खरं, पण सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्राचा बराच अभ्यास त्यात बसतो. राउटर-स्विच बनवणाऱ्या इतर कंपन्याही आहेत: अरिस्टा नोंदणी केल्यावर व्हीईओएस आणि सीईओएस या आपल्या इमेज देतं. जुनिपरने २०२३ मध्ये व्हीजुनोस स्विच मोफत उतरवायला दिला. नोकियाचं एसआर लिनक्स २०२१ पासून कंटेनरच्या रूपात नोंदणीशिवाय मिळतं. मायक्रोटिकचं सीएचआर फुकट परवान्यावर प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसपुरतं चालतं, जे राउटिंग शिकायला भरपूर आहे. एफआरआर आणि व्हायओएस ही राउटिंगची सॉफ्टवेअर तर मुक्तच. मुलाखतीत सिस्को विचारतात म्हणून फक्त सिस्कोच हवं, हा हट्ट मला पटत नाही. ओएसपीएफ या राउटिंग पद्धतीतले शेजारी राउटर एफआरआरवरही त्याच पायऱ्यांनी जुळतात.

इमेज कंपनीच्या पानावरून घेतली तरी तिथला एसएचए-५१२ हॅश (फाइलमधून गणिताने काढलेला तिचा ठसा) आपल्या फाइलच्या हॅशशी ताडून पाहावा. ज्याने फाइल दिली त्यानेच हॅशही दिला असेल तर त्या ताळ्याला काही अर्थ नाही. जीएनएस३ च्या अप्लायन्स फाइलमध्ये, म्हणजे उपकरणाच्या तयार नोंदीत, प्रत्येक इमेजचा एमडी५ हॅश लिहिलेला असतो आणि न जुळणारी फाइल ते आपणहून घेत नाही. 'कस्टम फाइल चालेल' ही खूण मुद्दाम करावी लागते. ईव्ह-एनजीत मात्र बऱ्याच इमेजच्या फाइलचं नाव बदलून virtioa.qcow2 असं काहीतरी ठेवावं लागतं, म्हणजे फाइलचं मूळ नाव पुसलं जातं. म्हणून हॅश नाव बदलण्याआधीच तपासावा आणि फोल्डरमध्ये छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवावा.

तयार 'फुल पॅक'चा धोका आणखी वेगळा आहे. त्यात राउटरच नव्हे, अख्खं लिनक्स दुसऱ्याने बनवलेलं असतं; रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) चाव्या आणि वेळापत्रकावर चालणाऱ्या स्क्रिप्ट त्याने काय ठेवल्या, ते त्यालाच ठाऊक. सर्व्हर स्वतः कोरा उभा करावा. ईव्ह-एनजीचा रूट/ईव्ह हा पासवर्ड जगाला माहीत आहे, तो पहिल्याच लॉगिनला बदलावा, आणि सर्व्हर घराबाहेरून हवा असेल तर राउटरवर पोर्ट उघडण्याऐवजी व्हीपीएन वापरावा. ऑफिसच्या मशीनवर लॅब लावणाऱ्यांनी क्लाउड-शून्य या ब्रिजकडे, म्हणजे लॅबला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पुलाकडे, खास लक्ष द्यावं. लॅबचा राउटर त्याला जोडला की तो थेट ऑफिसच्या लॅनवर येतो, आणि त्यावर डीएचसीपीचा (आपोआप पत्ते वाटण्याचा) सराव सुरू असेल तर शेजारच्या टेबलावरचे लॅपटॉप त्याच्याकडूनच पत्ते घेऊ लागतात. लॅबला इंटरनेट हवंच असेल तर वेगळा ब्रिज करून नॅटमागून, म्हणजे लॅबचे पत्ते लपवून, द्यावं.