वर्गणी : एका शब्दाची पार्श्वभूमी

मराठीत गणपतीची वर्गणी असते, साप्ताहिकाची वर्गणी असते आणि जिमखान्याचीही वर्गणीच असते. पहिली देऊन टाकायची, दुसरीच्या बदल्यात अंक यायचा आणि तिसरीमुळे वार्षिक सभेत हात वर करता यायचा. बोलण्यात यावरून कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ सुरू झाला तो वाचकांच्या पैशावर चालणाऱ्या राजकीय चर्चेच्या गटांनी इंटरनेटवर बस्तान बसवल्यावर. महिन्याला शंभर-दोनशे रुपये देणारा माणूस नेमका कोण, हे त्यांना कायद्याच्या भाषेत सांगावे लागले. ग्राहक, देणगीदार की सभासद? जाहिराती नकोत, पक्षाचा पैसा नको, उद्योगपतीची मेहेरबानी नको, इथपर्यंत सगळ्यांचे जमते. खडाजंगी त्यानंतर होते.

जुन्या नियतकालिकांनी हा प्रश्न फारसा सोडवला नाही, सगळे एकाच वहीत लिहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईहून निघालेल्या, बहिष्कृतांची बाजू मांडणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले होते. म्हणजे एका देणगीत हजार वर्गणीदार. महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ १९२७ मध्ये आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे दुसरे पाक्षिक काढले. त्याचे रकानेच्या रकाने एकहाती भरावे लागत, आणि वाचकांनी आपले देणे ओळखावे असे अंकातूनच बजावावे लागे. १९२९ मध्ये तेही थांबले. स्वातंत्र्यानंतरच्या ध्येयवादी साप्ताहिकांची कथा वाचकांना ठाऊक आहे.

आजचे गट ज्या कात्रीत सापडले आहेत तिची दोन पाती मात्र दोन निकालांत आहेत, आणि त्यांची चर्चा करसल्लागारांच्या खोलीबाहेर क्वचितच होते. पहिला निकाल १९३९ चा. लाहोरहून निघणारे ‘ट्रिब्यून’ हे इंग्रजी दैनिक संस्थापकाच्या मृत्युपत्रानुसार विश्वस्तांच्या ताब्यात होते. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की वृत्तपत्र विकत मिळते, जाहिराती घेते, शिवाय राजकारण करते, मग करमाफी मिळावी असे धर्मादाय काम कसले? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, ते मानले नाही. प्रांताला सुशिक्षित लोकमताचे मुखपत्र मिळवून देणे हे सार्वजनिक उपयोगाचे काम आहे, असे ठरले. राजकीय चर्चा चालवणे हे शाळा किंवा दवाखाना चालवण्याच्या पंगतीत बसले, तेही परक्या राज्यकर्त्यांच्या न्यायपीठाकडून.

दुसरा निकाल स्वतंत्र भारतातला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय हेतूच्या व्याख्येला एक शेपूट जोडले गेले: त्या कामात नफ्यासाठी चालवलेला व्यवहार नसावा. १९७५ मध्ये कन्नड दैनिक चालवणाऱ्या एका न्यासाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. नावातच लोकशिक्षण असलेल्या या न्यासाने लाहोरच्या निकालाचा आधार घेतला, पण शेपूट आडवे आले आणि सवलत गेली. पुढे १९८३ च्या वित्त कायद्याने ते शब्द काढले, २००८ च्या वित्त कायद्याने ते वेगळ्या वेशात परत आणले. सार्वजनिक उपयोगाच्या नावाखाली शुल्क घेऊन सेवा देत असाल तर तुम्ही धर्मादाय नाही. ओरड झाल्यावर आधी दहा लाख, मग पंचवीस लाख रुपयांपर्यंत मुभा मिळाली, आणि २०१६-१७ च्या आकारणी वर्षापासून एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आली.

नफेखोर संस्था धर्मादाय पाटीआड लपतात, ही तक्रार खरी होती. पण त्यांना धरण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात वाचकाकडून थेट पैसे घेणारा छोटा गटही अडकला. न्यास म्हणून नोंद केलेल्या गटाने महिन्याची ठरावीक वर्गणी आकारली की ते शुल्क. जमेत शुल्काचा वाटा २० टक्क्यांवर गेला की न्यासाची करसवलत धोक्यात. म्हणून गट तिला देणगी म्हणू लागले. पण देणगी म्हणायची तर बदल्यात काही देता येत नाही. फक्त सभासदांसाठीची बैठक ठेवली, एखादा लेख दोन दिवस आधी त्यांना वाचायला दिला, तरी करअधिकारी विचारू शकतो की देणगी होती, तर हे काय?

देणगी म्हटले की दुसरे लचांड येते ते नावाचे. राजकारणावर इंटरनेटवर लिहिणारा मराठी माणूस बहुधा टोपणनावाने लिहितो, आणि ते उगाच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या नुसत्या पसंत केल्या होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा हा बडगा होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, पण धास्ती काही कलमाबरोबर रद्द होत नाही. इकडे प्राप्तिकर कायद्यात २००६ साली घातलेला नियम सांगतो की ज्याच्या नावपत्त्याची नोंद नाही त्याची देणगी निनावी, आणि एका मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर. केवळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे, म्हणजे देवळाच्या दानपेटीला कुणी नाव विचारत नाही. राजकीय पक्षांनाही वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही, आणि २०१८ पासून निवडणूक रोख्यांमार्फत तर कोट्यवधी रुपये निनावी देता येत होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालापर्यंत. शंभर रुपये देणाऱ्या ‘उनाड वासरू’ अशा टोपणनावाच्या माणसाला मात्र पॅन किंवा आधारसारखा ओळखक्रमांक द्यावा लागतो. देणगीदाराला ८०जीची करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थेने दरवर्षी देणग्यांचा तक्ता भरायचा. त्यात ओळखक्रमांक, नाव, पत्ता, रक्कम असे रकाने आहेत, टोपणनावाचा नाही. खजिनदाराच्या संगणकावर खऱ्या नावांची आणि टोपणनावांची अशा दोन याद्या शेजारी उघड्या असतात, आणि कोण कुणाला काय बोलले हे त्या शेजारामुळे त्याला कळून चुकते. असा खजिनदार मिळणे हीच निम्मी अडचण.

तिसरा पर्याय सभासदत्वाचा. आपण आपल्यालाच सेवा विकू शकत नाही, या तत्त्वावर क्लबांच्या वर्गणीला करातून सूट मिळत आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उचलून धरले. २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरते त्याला टाचणी लावली: क्लब वेगळा, सभासद वेगळा, आणि तेही १ जुलै २०१७ पासून लागू. सहकारी संस्था काढा, असेही कुणीतरी प्रत्येक बैठकीत सुचवतो. एक सभासद, एक मत, कागदावर याहून चोख काही नाही. पण निबंधक समिती हटवून प्रशासक नेमू शकतो, हे या राज्यात कुणाला समजावून सांगायला नको. सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गटाने ती किल्ली आपण होऊन सरकारच्या हाती कशाला द्यावी?

परदेशातल्या मराठी माणसांमुळे हा गुंता सातासमुद्रापार जातो. न्यू जर्सीतला पुतण्या भारतीय पारपत्रावर असेपर्यंत आपल्या बचतीतून खुशाल देणगी देऊ शकतो, तो परकीय निधी ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली की दुसऱ्या दिवसापासून तीच रक्कम परकीय. २०१० च्या परकीय निधी कायद्यानुसार चालू घडामोडींचे श्राव्य किंवा दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला ती घेताच येत नाही. नियमांत ‘बंद’, ‘रास्ता रोको’, ‘जेल भरो’ हे शब्दही राजकीय स्वरूपाच्या खुणा म्हणून आहेत. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची धार कमी केली. गंमत अशी की नेहमीच्या व्यवहारात सेवेची किंमत म्हणून आलेला पैसा याच कायद्याने परकीय निधीतून वगळला आहे. म्हणजे न्यासाला जो ‘शुल्क’ हा शब्द बुडवतो, तोच इथे तारतो.

एवढे सांभाळून बसलेल्या गटांना १ ऑक्टोबर २०२१ ला वेगळाच फटका बसला. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते व्हायचे असतील तर ग्राहकाची नव्याने संमती आणि वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम त्या दिवसापासून लागू झाला. नको त्या सेवांची गुपचूप वजावट थांबली, हे चांगलेच झाले. पण ज्या जुन्या संमत्या नव्या चौकटीत बसल्या नाहीत त्या एका रात्रीत निकामी झाल्या. सभासदाने काहीच ठरवले नव्हते, तरी तो गळाला. त्याला पुन्हा गाठून ‘परत नोंदणी करा’ म्हणायचे, तर अर्ध्या लोकांना आपण इतके महिने पैसे देत होतो हे तेव्हाच आठवे. यूपीआयवरची स्वयंवजावट २०२० पासून आली होती, तिच्यावर पुढे बरेचसे निभावले.

आता बहुतेकांनी मधला मार्ग काढला आहे. नोंद खासगी कंपनीची, पैसा सेवेची किंमत म्हणून, मतदान नाही, पण भाषा आपुलकीची. बटणावर ठळक अक्षरांत ‘सभासद व्हा’. त्याखाली बारीक अक्षरांत: ही रक्कम देणगी नाही, ८०जीची सवलत मिळणार नाही, १८ टक्के जीएसटी समाविष्ट.