डिजिटल भटकंती : परदेशातला आठवडा आणि त्याचा खर्च (खानदेश)

इंटरनेटवरून होणारे काम सोबत घेऊन परदेशात काही आठवडे किंवा महिने राहायचे आणि व्हिसा किंवा हौस संपली की पुढचे गाव गाठायचे, अशी ही राहणी. कल्पना १९९०च्या दशकातली. पण २०२० नंतर कंपन्यांना घरून कामाची सवय लागली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून या वाटेला लागणारे सहसा सॉफ्टवेअर, डिझाइन, व्हिडिओ संकलन, लेखापालन किंवा ऑनलाइन शिकवणी करणारे असतात. चाळीसगावहून थेट थायलंडमधले चियांग माई गाठणारा विरळाच. मधे पुण्यातली दोन-चार वर्षे असतातच.

स्थलांतर मात्र खानदेशाला नवे नाही. दिवाळी आटोपली की सातपुड्याच्या पट्ट्यातली कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्या भटकंतीवर कोणी व्हिडिओ काढत नाही. तरी हिशेबाची रीत दोघांची एकच आहे, आठवड्याची. खानदेशात शेतमजुरी बाजाराच्या दिवशी चुकती होते आणि त्याच दिवशी मीठ-मिरचीपासून भाजीपर्यंत सगळे भरून ठेवले जाते. परदेशात राहणाऱ्याने महिन्याचे बजेट मांडले तर ते हमखास फसते, कारण भाडे महिन्याचे, व्हिसा सहा महिन्यांचा, विमा वर्षाचा आणि जेवण रोजचे. हे सगळे आठवड्यावर आणून बसवले तरच खरा आकडा दिसतो.

थायलंडमधले चियांग माई हे याचे सर्वांत परिचित ठिकाण. तिथला एका माणसाचा नमुन्याचा हिशेब असा : एक खोली, स्वच्छतागृह आणि जमलाच तर छोटा ओटा, याला महिना साधारण १०,००० बाट (थायलंडचे चलन), वीज-पाणी १,५०० बाट, म्हणजे आठवड्याला सुमारे २,६५० बाट. बाहेरचे साधे जेवण एका वेळी ५० ते ७० बाटला मिळते. नाश्ता, फळे, कॉफी धरून दिवसाला २५० बाट, आठवड्याला १,७५०. भाड्याची स्कूटर आणि पेट्रोल ८००, कामासाठी सामायिक कार्यालयातली जागा ८००, आरोग्य विमा ४५०. बेरीज ६,५०० बाटच्या आतबाहेर. बाट अडीच ते पावणेतीन रुपयांना धरला तर आठवड्याचे सोळा ते अठरा हजार रुपये होतात. पुण्यात एकट्याने वन-बीएचके घेऊन राहणाऱ्याला हा आकडा फार मोठा वाटणार नाही; जळगावात वडिलांच्या घरी राहणाऱ्याला वाटेल.

पण हा आकडा एका जागी तीन-चार महिने टिकून राहणाऱ्याचा आहे. दर महिन्याला शहर बदलणाऱ्याला महिन्याच्या भाड्याने खोली मिळत नाही. रात्रीच्या दराने ७०० ते ८०० बाट मोजले की आठवड्याला नुसत्या छपराचेच पाच हजारांवर जातात, म्हणजे जवळपास दुप्पट. वर विमान, टॅक्सी, नवे सिमकार्ड, आणि ओटा हाताशी येईपर्यंत बाहेरचे जेवण. ‘स्वस्त देश’ ही गोष्ट म्हणूनच अर्धीच खरी. पैसा खातो तो देश नव्हे, पायाला लागलेली भिंगरी खाते.

भाडेकराराच्या वेळी विजेचा दर विचारून घ्यावा. थायलंडमधल्या अनेक इमारतींत मालक युनिटला ७ ते ८ बाट लावतात. सरकारी दर त्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो. एप्रिलमध्ये एसी रात्रभर चालला की हा फरक थेट बिलात उतरतो. अनामत साधारण दोन महिन्यांची मागतात. परदेशी माणूस राहायला आल्याची खबर घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, आणि सलग नव्वद दिवस देशात राहिले की आपला पत्ता आपणच कळवायचा असतो. एटीएममधून परक्या कार्डावर पैसे काढले की दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापले जातात, त्यावर भारतीय बँकेची चलन-आकारणी वेगळी. दर दोन दिवसांनी थोडे थोडे काढणाऱ्याचा आठवड्यातला सुमारे तीन दिवसांचा जेवणखर्च या कपातीतच जातो. भारतातले सिमही रिचार्ज करून चालू ठेवावे लागते, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

स्कूटर चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आपल्या आरटीओतून काढावा; जळगावकराने एमएच-१९ चे कार्यालय गाठावे, धुळेकराने एमएच-१८ चे. तो एक वर्ष चालतो. त्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी बहुधा हात वर करते. आठवड्याला ४५० बाट वाचवायला विमाच न घेणारेही असतात. त्यांचा हिशेब रुग्णालयाच्या एका बिलात कोसळतो.

आठवड्याची घडी ग्राहक कुठे आहे यावर बसते. थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे. पुण्यातल्या कार्यालयाचे दहा तिथे साडेअकराला वाजतात, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते आणि संध्याकाळ जाते. न्यूयॉर्कचा ग्राहक असेल तर उन्हाळ्यात तिकडचे नऊ ते पाच म्हणजे थायलंडचे रात्री आठ ते पहाटे चार, हिवाळ्यात आणखी एक तास उशिरा. अशा माणसाला समुद्र आणि डोंगर फक्त शनिवार-रविवारी दिसतात. पोर्तुगालमधल्या लिस्बनला गेले तर भारतीय कार्यालयाची सकाळ तिथल्या पहाटे चार-पाचला सुरू होते. छायाचित्रांतला लॅपटॉप वाळूवर असतो. प्रत्यक्षात तो पंख्याखाली, प्लगच्या शेजारी असतो.

शनिवारी संध्याकाळी चियांग माईच्या वुआ लाय रस्त्यावर आणि रविवारी जुन्या शहराच्या राचादामनोएन रस्त्यावर बाजार भरतो. आठवडे बाजारात वाढलेल्या माणसाला हे दोन दिवस ओळखीचे वाटतात, फक्त इथे गिऱ्हाईक जास्त करून पर्यटक असते आणि आठवड्याची भाजी कोणी भरत नाही. ती सकाळच्या स्थानिक मंडईतून घ्यावी. तिथे लांबट हिरवी वांगी मिळतात, निखाऱ्यावर भाजून त्यांचे भरीत चांगले होते, फक्त बामणोदच्या वांग्याचा गर त्यात नसतो. उत्तर थायलंडची ‘नाम प्रिक नूम’ नावाची चटणी तर खानदेशी ठेच्याची सख्खी चुलत बहीण : हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे भाजून उखळात कुटलेले. बहुतेक ठिकाणी त्यात मासळीचा अंश असतो, तेव्हा शाकाहाऱ्याने विचारूनच घ्यावे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या खानावळीत मांस-मासळी नसते, पण कांदा-लसूणही नसतो. शेवभाजीवर वाढलेल्या जिभेला ते चार दिवस चालते. म्हणून बॅगेत काळा मसाला, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि बिबडे (ज्वारीचे पापड) जातात. भाकरी थापायला परात आणि आंच धरणारी शेगडी मिळणे हा वेगळा प्रश्न आहे. खोलीत बहुधा विजेची एक चूल असते.

व्हिसा हा खर्चाचा मोठा भाग असून लोक तो हिशेबात धरत नाहीत. भटक्यांसाठी खास व्हिसा देण्यात एस्टोनिया २०२०मध्ये पहिल्या देशांत होता. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२पासून असा व्हिसा सुरू केला. अट, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न. स्पेनने २०२३मध्ये तोच मार्ग धरला. मलेशियाच्या ‘डीई रांताऊ’ योजनेत तंत्रज्ञान क्षेत्रातल्या माणसाला वर्षाचे २४,००० डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. थायलंडचा ‘डीटीव्ही’ (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जुलै २०२४पासून मिळू लागला : पाच वर्षांची मुदत, एका प्रवेशावर १८० दिवस मुक्काम, शुल्क साधारण १०,००० बाट आणि खात्यात ५ लाख बाट असल्याचा पुरावा. ही शेवटची अट बहुतेकांना अडवते, कारण ती रक्कम भारतीय चलनात बारा ते चौदा लाखांच्या घरात जाते. व्हिएतनाम ऑगस्ट २०२३पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा २५ डॉलरला देतो, पण तो पर्यटनाचा आहे. पर्यटन व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणे अनेक देशांत कायद्याच्या काठावरचे किंवा काठाबाहेरचे आहे. ‘सगळेच करतात’ हा इमिग्रेशनच्या खिडकीवर चालणारा युक्तिवाद नव्हे.

युरोपचा आठवडा वेगळ्याच पट्टीने मोजावा लागतो. लिस्बनमध्ये दुसऱ्यांसोबतच्या घरातली एक खोलीच महिना ५०० ते ६०० युरो घेते. दुपारचे ठरलेले ताट दहा युरोच्या आसपास. सगळे धरून आठवड्याला अडीचशे युरोत भागवायला घरीच रांधावे लागते. जॉर्जियातले त्बिलिसी एके काळी स्वस्त होते. २०२२मध्ये रशियातून मोठ्या संख्येने लोक आल्यावर तिथली भाडी भडकली. शिवाय ज्या देशांच्या नागरिकांना जॉर्जियात व्हिसाशिवाय वर्षभर राहता येते, त्यांत भारत नाही.

करांच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा : १८२. एका आर्थिक वर्षात एवढे किंवा अधिक दिवस भारतात असलेला माणूस कराच्या दृष्टीने निवासी ठरतो आणि त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. त्याहून कमी दिवस राहिले म्हणजे सुटलो असेही नाही. मागच्या चार वर्षांतला मुक्काम आणि बाहेर जाण्याचे कारण यांवरही ते ठरते. त्यामुळे पासपोर्टवरच्या शिक्क्यांची नोंद ठेवावी आणि सीएला विचारूनच परतीचे तिकीट काढावे.

परतण्याचा काळ बहुतेक जण सणावरून ठरवतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी यायची ओढ मोठी असते, आणि योगायोगाने फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईभोवती शेते व जंगले जळत असल्याने हवा श्वास घेण्याजोगी नसते. मात्र धुरातून निघालेला माणूस जळगावच्या ४५ अंशांत येऊन पडतो, आणि भर दुपारी लाइट गेली तर कॉल इन्व्हर्टरवर आटोपावा लागतो. त्यापेक्षा श्रावणात कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) उत्सवाला येणे सोयीचे : हवा बरी, भाऊबंद एकत्र, रोट घरचे, आणि त्या आठवड्याच्या खर्चात भाड्याचा रकाना कोरा.